आभासी सूक्ष्मदर्शक आल्यावर प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांची गरज उरते का?

आपण विचारले आहे की, पदवीच्या वनस्पतिशास्त्र प्रॅक्टिकलसाठी नवे सूक्ष्मदर्शक घेण्याऐवजी संगणकावरचा आभासी सूक्ष्मदर्शक वापरावा, असा प्रस्ताव आपल्या महाविद्यालयात आला आहे; त्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होईल का? मी सोलापुरात हाच विषय शिकवतो आणि दोन्ही साधने वापरतो. आभासी सूक्ष्मदर्शक अवश्य आणावा, पण खऱ्या सूक्ष्मदर्शकांचा खर्च वाचवण्यासाठी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे साधन म्हणजे एका स्लाइडचे स्कॅनरने काढलेले अतिशय मोठे छायाचित्र असते. प्रत्येक बिंदूला पाव मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या दराने दीड सेंटिमीटर लांब-रुंद भाग टिपला, तर एका बाजूला ६०,००० आणि एकूण ३६० कोटी बिंदू होतात. हे चित्र लहान चौकोनी तुकड्यांत आणि कमी-अधिक वर्धनाच्या थरांत साठवलेले असते. विद्यार्थी जो भाग पाहत असेल तेवढेच तुकडे उतरवले जातात. म्हणून साध्या मोबाइलवर, बेताच्या इंटरनेटवरही ते चालते, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

त्याचा खरा लाभ मात्र वेगळा आहे. आयपीसमध्ये एका वेळी एकच माणूस पाहू शकतो, त्यामुळे विद्यार्थ्याला नेमके काय दिसते आहे हे शिक्षकाला कळत नाही. ‘दिसले का?’ या प्रश्नाला पूर्ण बॅच ‘हो सर’ म्हणते आणि जर्नलमध्ये पाठ्यपुस्तकातली आकृती उतरते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या पानाचा आडवा छेद घ्या. वाहिन्यांच्या प्रत्येक जुडग्याभोवती हरितद्रव्याने भरलेल्या मोठ्या पेशींचे वलय, म्हणजे क्रांझ रचना, आणि वरच्या बाह्यत्वचेतल्या फुगीर बुलिफॉर्म पेशी, या दोन गोष्टी त्यात ओळखायच्या असतात. पहिलीमुळे कडक उन्हातही ज्वारीचे प्रकाशसंश्लेषण कार्यक्षम राहते. दुसरीतले पाणी कमी झाले की पान गुंडाळते आणि त्यातून होणारे बाष्पीभवन घटते. पडद्यावर हाच छेद सर्वांसमोर असला की एखादी विद्यार्थिनी बोट ठेवून विचारू शकते, ‘सर, ही पेशी बुलिफॉर्म आहे की साधी बाह्यत्वचेची?’ आणि त्या एका पेशीवर सगळा वर्ग बोलू शकतो. शेजारी गव्हाच्या पानाचा छेद उघडला की हरितद्रव्याने भरलेले ते वलय तिथे नाही, हे विद्यार्थी आपणहून सांगतात. अशी तुलना प्रयोगशाळेत क्वचितच जमते, कारण एका सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजवर एका वेळी एकच स्लाइड बसते.

भूशास्त्राला तर याचा उपयोग आमच्यापेक्षाही अधिक आहे, कारण खडकातली खनिजे ओळखण्यासाठी लागणारा ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक बराच महाग असतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने खडकांच्या पातळ छेदांचा आभासी सूक्ष्मदर्शक सर्वांसाठी विनामूल्य खुला केला आहे, आणि त्यात अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरच्या खडकांचे छेदही आहेत. आपल्या पायाखालचा दख्खनचा बेसॉल्ट शिकणाऱ्याने चंद्रावरचा बेसॉल्टही पाहावा, यासारखा आनंद नाही. मात्र तिथे स्टेज फिरवल्याचा अनुभव ठरावीक बिंदूंवरच घेता येतो. खनिजाचा कोणताही कण निवडून तो फिरवता येत नाही.

आता उणिवा. ब्लेडने पातळ छेद घेणे, सॅफ्रनिनचा रंग बेताने चढवणे, बुडबुडा न येऊ देता कव्हरस्लिप ठेवणे, कंडेन्सर (स्लाइडवर प्रकाश एकवटणारे भिंग) आणि प्रकाश जुळवणे, ही कौशल्ये पडद्यावर येत नाहीत. बहुतेक स्कॅन एकाच प्रतलात केलेले असतात, त्यामुळे सूक्ष्म समायोजनाचे चाक पुढे-मागे फिरवून पेशीची खोली जाणवण्याचा अनुभवही मिळत नाही. आणि जिवंत हालचाल तर नाहीच. डाळिंबाच्या पानावरच्या तेल्या रोगाच्या ताज्या डागाची कापलेली कड पाण्याच्या थेंबात ठेवली की तिच्यातून जिवाणूंचा धुरकट लोंढा बाहेर पडताना दिसतो. आमच्या वर्गात डाळिंब बागायतदारांची मुले आहेत; बाग उद्ध्वस्त करणारा हा रोग त्यांनी असा प्रत्यक्ष पाहायलाच हवा. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या पाण्याच्या थेंबात सरकणारे डायटम (एकपेशीय शैवाल) हेही स्कॅन केलेल्या स्लाइडवर स्थिर झालेले असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने आधी स्वतः छेद घ्यावा, वेडावाकडा का होईना, तो पाहून आकृती काढावी, आणि त्यानंतरच आभासी स्लाइडवर आपले निरीक्षण तपासावे. उलट केले तर पडद्यावरची निर्दोष स्लाइड पाहून तो स्वतःच्या छेदाला कमी लेखतो आणि पुन्हा नक्कल करू लागतो. आणखी एक काळजी घ्यावी: पडद्यावर लिहिलेल्या ‘४० पट’ या आकड्यावर विसंबू नये, कारण पडद्याच्या आकाराप्रमाणे प्रत्यक्ष वर्धन बदलते. मोजमाप चित्रावरच दिलेल्या मोजपट्टीवरून करायला लावावे.

परदेशी संग्रहांत आपल्या भागातल्या वनस्पती फारशा मिळणार नाहीत. त्यासाठी महागड्या स्कॅनरची वाट पाहू नये. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा किंवा मोबाइल घट्ट बसवून, एकमेकांवर थोडी चढणारी छायाचित्रे ओळीने काढावीत आणि ‘फिजी’ या विनामूल्य प्रणालीने ती जोडावीत. काम चिकाटीचे आहे, पण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ते द्यावे. ज्वारी, तूर, करडई यांच्या छेदांपासून सुरुवात करता येईल. प्रस्तावावर चर्चा होईल तेव्हा एक अट आपण अवश्य मांडावी: स्लाइड ओळखण्याची परीक्षा पडद्यावर घ्यायला हरकत नाही, परंतु छेद घेण्याचे आणि स्लाइड तयार करण्याचे गुण प्रयोगशाळेतल्या टेबलावरच दिले जावेत, आणि त्यासाठी बॅचमधल्या दर दोन विद्यार्थ्यांमागे निदान एक चालू सूक्ष्मदर्शक असावा.