घरचा भाता: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोयती-खुरप्यांना घरच्या घरी पाणी कसं द्यावं, म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक कसं करावं, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये विस्तवाला वारा घालायच्या भात्याचीच चौकशी जास्त आहे. म्हणून या वेळचं सदर भात्यापुरतं.

प्रश्न (देवगड): करवंट्यांना आमच्याकडे तोटा नाही, त्यामुळे कोळसाही घरचाच. विजेवरचा ब्लोअर नको, ऐन पावसात विजेचा भरवसा नसतो. घरातल्या जुन्या सामानातून भाता होईल का? मापांसकट सांगा.

उत्तर: होईल, आणि त्यासाठी विकत आणावं लागेल ते चुका (बारीक खिळे) आणि सोल्युशन (चांभार वापरतो तो चिकट द्राव) एवढंच.

फळ्यांपासून सुरुवात करू. मोडक्या कपाटाचं १८ मिमी प्लायवूड चालतं. फणसाचे जुने पाट असतील तर अधिकच चांगलं, फणसाचं लाकूड सहसा वाकत नाही आणि वाळवीलाही लवकर दाद देत नाही. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या मात्र घेऊ नका. त्या पातळ असतात आणि पहिल्याच पावसात फुगून वेड्यावाकड्या होतात. दोन फळ्या कापायच्या: मागे २४ सेंमी रुंद, पुढे निमुळत्या होत ८ सेंमी. वरची फळी ४० सेंमी लांब, खालची ४८, कारण पुढच्या ८ सेंमीवर ठोकळा बसतो. मागच्या बाजूला मुठीसाठी हातभर नाही, पण वीतभर शेपटी दोन्ही फळ्यांना ठेवा.

ठोकळा ८ सेंमी लांब, ८ रुंद, ४ जाड. त्यात लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडून नळी बसवायची. ठोकळा खालच्या फळीवर सोल्युशन लावून स्क्रूने पक्का आवळा. वरची फळी ठोकळ्याच्या मागच्या वरच्या कडेला जोडायची, तिथे बिजागरीऐवजी जुन्या कमरपट्ट्याचे दोन तुकडे उत्तम. लोखंडी बिजागरी खाऱ्या हवेत वर्षभरात कुरकुरायला लागते. या सांध्यावरून कापडाची एक पट्टी आडवी चिकटवायला विसरू नका, नाहीतर अर्धा वारा तिथूनच जातो.

भाता मिटला की फळ्यांमध्ये ४ सेंमी अंतर राहतं, पूर्ण उघडला की मागे २२. हिशेबाने एका दाबाला साडेसहा लिटर हवा येते. कापडाच्या घड्या आत येतात, म्हणून प्रत्यक्षात ५ लिटर धरा. मिनिटाला वीस दाब दिले तर १०० लिटर. खुरपं, विळा, कोयतीचं पातं लाल करायला एवढा वारा पुरतो. पारय (पहार) तापवायची असेल तर पुरणार नाही.

कापडासाठी रेक्झिन, स्कूटरच्या सीटचं जुनं कव्हर किंवा फ्लेक्सचा बॅनर घ्या. गणपती आणि निवडणुका झाल्या की फ्लेक्सची कमतरता कोणत्याच गावात नसते. छत्रीचं कापड नको, ते वारा धरत नाही. ११५ सेंमी लांबीची एक अखंड पट्टी कापा. मधले २४ सेंमी पूर्ण २८ सेंमी रुंद, तिथून दोन्ही टोकांकडे निमुळती होत ९ सेंमी. मधला भाग भात्याच्या पाठीवर येतो, टोकं ठोकळ्याच्या बाजूंवर. फळीच्या जाडीवर २ सेंमी कापड बसलं पाहिजे. चांभाराकडचं सोल्युशन रेक्झिनला आणि फ्लेक्सला फार काळ धरत नाही, खरं काम पट्टीचं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांना जी प्लास्टिकची पट्टी बांधलेली येते ती कापडावरून फिरवा आणि तिच्यावरून १२ मिमीच्या चुका अडीच-अडीच सेंमीवर मारा. पट्टी नसेल तर चुकेच्या डोक्याखाली कापड फाटतं. कोपऱ्यांवर चुका दीड सेंमीवर. दोन्ही फळ्यांना मिळून शंभरेक चुका लागतात.

कापड ठोकण्याआधी आतून मधोमध वेताची किंवा मोडक्या छत्रीच्या काडीची एक कमान, फळीच्याच आकाराची, कापडाला टाचून घ्या. ती नसेल तर दाबताना कापड बाहेर फुगतं आणि उघडताना आत ओढलं जातं. मग हात हलतो पण वारा हलत नाही.

आता झडप. लोक कापडावर दिवस घालवतात आणि झडप पाच मिनिटांत उरकतात, हे उलट व्हायला हवं. खालच्या फळीत, मागच्या अर्ध्या भागात, ५ सेंमी व्यासाचं भोक पाडा आणि आतली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा ८ बाय ७ सेंमीचा तुकडा आतल्या बाजूने भोकावर ठेवून फक्त एका कडेला चार चुका मारा. ट्यूबचा तुकडा मुळातच वाकलेला असतो. त्याची खोलगट बाजू फळीकडे ठेवा, म्हणजे कडा दाबून बसतात. उलटा लावलात तर कडा उचललेल्या राहतील आणि झडप कधीच मिटणार नाही. रबराच्या पाठीवर भोकापेक्षा थोडी मोठी, डब्याच्या झाकणाची प्लास्टिकची चकती चिकटवा, नाहीतर दाबताना रबर भोकात खचतं. वरून एक सैल नाडी आडवी टाचा, म्हणजे झडप २ सेंमीपेक्षा जास्त उघडून उलटी पडणार नाही. कापड लावण्याआधीच परीक्षा घ्या: फळी तोंडाशी धरून बाहेरच्या बाजूने भोकात फुंका, रबर उचललं पाहिजे. मग हवा ओढा, ते चिकटून बसलं पाहिजे. झडप खालच्या फळीतच घ्यायची, कारण तिथे ती स्वतःच्या वजनाने मिटते.

नळी २ सेंमी आतल्या व्यासाची, ३० सेंमी लांब. मोडक्या लोखंडी खुर्चीचा पाइप चालतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप विस्तवाजवळ नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ अंशांना त्याची वाफ होते, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो. पीव्हीसी तर अजिबात नको.

प्रश्न (गुहागर): भाता केला, रेक्झिन कोरं करकरीत आहे, तरी फुंकणीइतकाच वारा येतो. चूक कुठे?

उत्तर: भाता उघडा, नळीचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि वरच्या फळीवर हात टेका. चांगला भाता तिथेच अडतो आणि मग सावकाश खाली जातो. फळी सरळ खाली बसली तर गळती मोठी आहे. एकाने फळी दाबायची, दुसऱ्याने पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवायची. धूर जिथे फाकतो तिथे गळती. बहुतेक वेळा ती जागा मागचे दोन कोपरे, कमरपट्ट्याचा सांधा किंवा ठोकळ्याभोवतीची फट यांपैकी एक असते. कोपऱ्यात कापडाची चुणी पडली असेल तर चुका वाढवून उपयोग नाही. चुका काढा, चुणी पसरवा, खाली ट्यूबची पातळ पट्टी घालून पुन्हा ठोका.

उदबत्ती कुठेच हलली नाही तर झडप बघा. दाबताना खालच्या भोकाजवळ तळहात धरला की वारा लागतो का? लागला तर रबराखाली भुसा किंवा कोळशाची कणी अडकली आहे. आणि दोन्ही ठीक असतील तर नळी मोजा. व्यास निम्मा केला की तोंडाचं क्षेत्र चौथाई होतं. १ सेंमीच्या नळीने झोत जोरात लागतो, पण हवा थोडी आणि हात दुप्पट दुखतो.

प्रश्न (वेंगुर्ले): दुसऱ्याच दिवशी भात्यातून जळका वास आला. उघडून पाहिलं तर आतून कापडाला भोकं. निखारा आत गेला कसा?

उत्तर: नळीतून. भाता उघडताना तो हवा झडपेतूनही ओढतो आणि नळीतूनही. वर दिलेल्या मापात झडपेचं भोक नळीच्या साधारण सहापट आहे, म्हणून नळीकडून ओढ कमी. तुमचं भोक लहान असेल किंवा झडप जड असेल तर भाता सगळा श्वास विस्तवातूनच घेतो.

उपाय सोपा आहे. भात्याची नळी थेट निखाऱ्यात खुपसू नका. शेगडीत ३० मिमीचा जाड काळ्या लोखंडाचा पाइप कायमचा बसवा आणि भात्याच्या नळीचं टोक त्याच्या तोंडापासून २-३ सेंमी बाहेर ठेवा. दाबताना झोत पाइपात शिरतो, उघडताना भाता फटीतली मोकळी हवा घेतो. थोडा वारा वाया जातो, तो जाऊ द्या. या फटीचा दुसरा फायदा असा की काम थांबल्यावर कोळशाचा जळाऊ वायू भात्यात साठत नाही. नळी आत खुपसून ठेवली तर तो साठतो, आणि पुन्हा भाता मारताच आत भडका उडून कापड फाटू शकतं.

प्रश्न (अलिबाग): करवंटीचा कोळसा तडतडतो, ठिणग्या फार उडतात आणि पाहता पाहता संपतो. लोखंडावर काळे पापुद्रेही धरतात.

उत्तर: वारा जास्त होतोय. करवंटी पूर्ण कोळसा झालेली आहे ना, हे आधी पाहा. अर्धी कच्ची असेल तर धूर आणि लांब ज्वाळ देते. तुकडे सुपारीएवढे करा, चुरा चाळून टाका. पाइपाच्या तोंडावर किमान १० सेंमी निखारा हवा आणि लोखंड त्याच्या वरच्या भागात आडवं. थर पातळ असेल तर न जळलेली हवा थेट लोखंडाला लागते, तेच ते पापुद्रे. पात्याला लाली आली की भाता निम्म्याने मंद करा. पाणी देण्याची वेळ लोहचुंबकाने ओळखा: साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो, त्याहून थोडं वर नेलं की पुरे.

आणि हे पडवीत दार लावून करू नका. करवंटीच्या कोळशाला धूर नसतो, म्हणून माणूस गाफील राहतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. खळ्यात, झापांच्या मांडवापासून दूर बसा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की ठिणग्या लांब जातात, तेव्हा सकाळची वेळ बरी.

प्रश्न (राजापूर): आजोबांच्या वेळचा चामड्याचा भाता पावसात बुरशीने गेला. नवा टिकावा म्हणून काय करावं?

उत्तर: चामडं श्रावणापर्यंत टिकवायचं तर तेल-पाणी करत राहावं लागतं, फ्लेक्सला ती कटकट नाही. फ्लेक्स घडीवर तडकतो, म्हणून भाता कधी पूर्ण मिटवून ठेवू नका, फळ्यांमध्ये करवंटी घालून अर्धवट उघडा ठेवा. लोखंडी चुका गंजल्या की गंज कापड खातो. पितळी मिळाल्या तर त्याच घ्या. फळ्यांना कापड लावण्याआधी उंडीचं तेल दोन हात द्या. वाळवीचा त्रास असेल तर काजूच्या टरफलाचं तेल त्याहून कडक, पण ते हाताला लागलं की फोड येतात, हातमोजे घालूनच लावा. पिठाच्या खळीने काहीही चिकटवू नका, झुरळं आणि उंदीर तिच्यासाठी कापडही कुरतडतात. चुलीवरच्या माळ्यावर भाता ठेवायची जुनी सवय चामड्यासाठी ठीक होती. रेक्झिन तिथे कडक होऊन फुटतं.

प्रश्न (मालवण): आईला चुलीपाशी फुंकणीने फुंकताना दम लागतो. तिच्यासाठी छोटा भाता?

उत्तर: जरूर. फळ्या २० सेंमी लांब, मागे १४ रुंद, पुढे ५, पाठ १२ सेंमी उघडेल एवढी. जाडी ८-१० मिमी पुरे, झडपेचं भोक ३ सेंमी. नळी १ सेंमीपेक्षा मोठी नको, नाहीतर राख आमटीत. नळीऐवजी तिची जुनी पितळी फुंकणीच ठोकळ्यात बसवली तर हातभर अंतरावरून वारा घालता येईल.

प्रश्न (चिपळूण): दाब आणि दाब यांच्यामध्ये विस्तव मंदावतो. वारा अखंड कसा मिळेल?

उत्तर: दोन भाते एका नळीला जोडून आळीपाळीने मारायचे, ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते. पण दोन्ही नळ्यांत आपापली झडप नसेल तर एक भाता दुसऱ्याच्या पोटात वारा भरतो. त्यापेक्षा तीन फळ्यांचा भाता करा. मधली फळी घट्ट बसवलेली, नळी वरच्या कप्प्याला, एक झडप खालच्या फळीत आणि दुसरी मधल्या फळीत, दोन्ही वर उघडणाऱ्या. खालचा कप्पा वरच्यात हवा भरतो आणि वरची फळी स्वतःच्या वजनाने ती सोडत राहते. तिच्यावर अर्ध्या किलोपासून वजन ठेवून पाहा. मोठा धोंडा ठेवलात तर वरचा कप्पा एका झटक्यात रिकामा होतो आणि पुन्हा तेच. नळी दीड सेंमीची ठेवा.

प्रश्न (सावंतवाडी): भजनाच्या पेटीचा भाता याच पद्धतीने घरी दुरुस्त करता येईल का?

उत्तर: चुका आणि फ्लेक्स पेटीपासून लांब ठेवा. तिच्या घड्या पुठ्ठ्याच्या असतात आणि सांध्यांवर पातळ चामडं किंवा कापड. जाड रेक्झिन लावलं तर भाता मिटणारच नाही. सगळे खटके बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हवा किती वेळ टिकते ते पाहा. लगेच उतरली तर घडीच्या कोपऱ्यांवर उदबत्ती फिरवा. एखादा कोपराच फुटला असेल तर पातळ मऊ चामड्याचा तुकडा पांढऱ्या गोंदाने लावून, भाता उघडा ठेवून रात्रभर वाळवा. कोपरे शाबूत असूनही हवा उतरत असेल तर दोष आतल्या झडपेत किंवा पट्ट्यांखालच्या गादीत आहे, तेव्हा पेटी कारागिराकडे द्या.