टाळेबंदी लागली, लावली की लादली?

प्रश्न असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची स्मरणिका निघते आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांवरचा लेख तिथल्या एका सभासद बाईंनी लिहिला. त्यात वाक्य होतं, 'सरकारने टाळेबंदी लादली.' संपादन करणाऱ्यांनी ते 'टाळेबंदी लागली' असं केलं. कारण दिलं की स्मरणिकेत राजकारण नको. आणखी एका सभासदांचं म्हणणं, टाळेबंदी हा शब्दच चूक. टाळेबंदी कारखान्यात होते, इथे संचारबंदी म्हणा. बाई विचारतात, यांतलं बरोबर काय आणि तटस्थ काय? शिवाय 'टाळेबंदी' की 'ताळेबंदी', हेही त्यांना हवं आहे.

क्रियापदापासून सुरुवात करतो, कारण खरा वाद तिथेच आहे.

'लागणे' हे मराठीतलं फार जुनं आणि फार कामाचं क्रियापद. ग्रहण लागतं, पाऊस लागतो, आग लागते, सुतक लागतं, दृष्ट लागते. ज्या गोष्टी आपल्याला न विचारता येतात आणि सगळ्यांना एकदम घेरतात, त्या 'लागतात'. निवडणूक आयोग तारखा जाहीर करतो, तरी आपण म्हणतो 'आचारसंहिता लागली'. त्यामुळे 'लॉकडाऊन लागला' हे व्याकरणाने निर्दोष मराठी आहे, आणि बोलताना आजी 'लॉकडाऊन लागला तेव्हा मी मुलीकडे होते' म्हणते तेव्हा ते दुरुस्त करायला जाऊ नये. तिच्यावर काय ओढवलं ते ती सांगते आहे. ते तसंच सांगायला हवं.

पण 'लागली' लिहिलं की राजकारण टळतं, हे संपादकांचं म्हणणं मला मान्य नाही. या क्रियापदाने वाक्यातला कर्ता जातो. २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. मध्ये चार तास होते. चारच तास का, हा त्या निर्णयाबद्दलचा सर्वांत टोकदार प्रश्न आहे, आणि हातावर पोट असलेल्या, पुण्यातून गावाकडे पायी निघालेल्या माणसांच्या बाबतीत तो आजही विचारला पाहिजे. 'लागली' म्हटलं की हा प्रश्न विचारायला वाक्यात जागाच उरत नाही. उलट बाजूने, टाळेबंदीमुळे रुग्णालयांना तयारीला वेळ मिळाला असं ज्यांना वाटतं, त्यांनाही त्याचं श्रेय देण्यासाठी कर्ता लागतोच. साथ आली; टाळेबंदी केली गेली. एक घडलेली गोष्ट, दुसरी ठरवलेली. 'कोरोनात दुकान गेलं' आणि 'लॉकडाऊनमध्ये दुकान गेलं' ही दोन वाक्यं आपण अदलून बदलून वापरतो, तिथेच वादाचा पाय घसरतो.

आता 'लादणे'. हे मुळात ओझ्याचं क्रियापद. बैलाच्या पाठीवर गोणी लादतात. ज्याच्यावर लादलं त्याला विचारलेलं नसतं आणि त्याला ते जड होतं, या दोन्ही गोष्टी या क्रियापदात अंगभूतच आहेत. म्हणून 'लादली' हे वर्णन नव्हे, मत आहे. आणीबाणीबद्दल 'लादली' म्हणणारे आपलं मत सांगत असतात, आणि ते त्यांना माहीत असतं. तुमचंही तसं मत असेल तर लेखाखाली तुमचं नाव आहे, जरूर लिहा. फक्त शेजारी कारण द्या. जुलै २०२०मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली, तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनी उघड विरोध केला होता. त्यांच्या तोंडी 'लादली' शोभतं. त्याच आठवड्यात 'आणखी कडक करा' म्हणणारे पुणेकरही भरपूर होते. त्यांच्या अनुभवाला हे क्रियापद लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सोसायटीच्या स्मरणिकेत तरी यायलाच हवी. सरकारी निर्बंध सैल झाल्यावरही कित्येक सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या मावशींना फाटकाच्या आत घेतलं नाही. वर्तमानपत्र बंद, दूधवाला फाटकापाशी. ही बंदी कुठल्याही मंत्रालयातून आली नव्हती. तिचा कर्ता 'व्यवस्थापन समिती' हा होता आणि ती मावशींवर लादली गेली होती. सरकारच्या निर्णयाला 'लादली' म्हणायचं ठरलं, तर आपल्या निर्णयालाही तेच क्रियापद लावावं लागेल. तुमच्या सोसायटीत तसं झालं होतं का, ते तुम्हाला ठाऊक.

'पाळणे' राहिलं. २२ मार्चचा जनता कर्फ्यू लोकांनी 'पाळला'. ही 'बंद पाळणे', 'हरताळ पाळणे' यांच्या घराण्यातली रचना. इथे कर्ते लोक. टाळेबंदी मात्र जाहीर कोणी केली आणि पाळली कोणी, ही दोन वेगळी वाक्यं ठेवावीत.

मग तटस्थ काय? 'लागू केली' किंवा 'जाहीर केली', आणि कर्ता लिहायचा. पण नुसतं 'सरकारने' पुरत नाही. मराठीत दिल्लीचंही सरकार, मुंबईचंही सरकार, आणि बोलण्याच्या ओघात महापालिकासुद्धा सरकारच. २३ मार्चला राज्यभर संचारबंदी जाहीर केली ती मुख्यमंत्र्यांनी. दुसऱ्या रात्रीची टाळेबंदी केंद्राची. जुलैमधल्या पुण्यापुरत्या दहा दिवसांचे आदेश स्थानिक प्रशासनाचे. एप्रिल २०२१चे निर्बंध पुन्हा राज्याचे. 'सरकारचं चुकलं' आणि 'सरकारने योग्य केलं' म्हणणारे दोघे समोरासमोर बसून वेगवेगळ्या सरकारांबद्दल भांडत असतात, हे त्या दोन वर्षांत मी फार ऐकलं. कर्ता नावानिशी लिहिला तर निम्मं भांडण तरी जागेवर येईल.

पुण्याला तर ही सवय जुनी आहे. १८९७च्या प्लेगमध्ये, प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर सरकारने शहरावर जी दंडेली चालवली, तिच्यावर टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहिला : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मथळ्याचा पहिलाच शब्द कर्त्याचा. तो मथळा 'पुण्याला वाईट दिवस आले' असा असता, तर आज आपल्या लक्षात राहिला नसता.

आता नाम. टाळेबंदी हा शब्द कारखान्यातला आहे, हे सभासदांचं म्हणणं खरं आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाच्या जोडीला जी टाळेबंदी येई, ती मालकाने करायची असे : मालक कामाची जागा बंद ठेवतो, कामगारांना कामावर घेत नाही. भोसरी-पिंपरीच्या कारखानदारी पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानाला 'देशात टाळेबंदी' खटकली असेल तर त्यात नवल नाही. इंग्रजीतला लॉकडाऊनही आधी तुरुंगातला, कैद्यांना कोठड्यांत कोंडण्याचा. म्हणजे दोन्ही भाषांनी साथीसाठी उसना शब्द घेतला. एकीने तुरुंगातून, दुसरीने कारखान्यातून. अर्थ असा विस्तारतो तेव्हा त्याला चूक म्हणत नाहीत. 'टाळेबंदी' रूढ झाला आहे, तो वापरा.

मराठीत बाजाराला टाळं लावण्याचा आणखी एक शब्द आधीपासून आहे, तो म्हणजे हरताळ. मूळ 'हट्ट' म्हणजे हाट, बाजार, आणि 'ताल' म्हणजे टाळं. बाजाराला टाळं तो हरताळ. इथे टाळं दुकानदाराच्याच हातातलं आणि तो ते निषेधासाठी लावतो. टाळेबंदीत ते मालकाच्या हातात. आंदोलक सरकारी कार्यालयाला 'टाळे ठोकतात' तेव्हा ते जनतेच्या हातात. महापालिका दुकानाला 'सील' ठोकते तेव्हा प्रशासनाच्या. टाळं एकच, हात चार. म्हणूनच २०२० नंतरच्या टाळेबंदीत हात कोणाचा, हे वेगळं सांगावं लागतं. एकट्या शब्दातून ते कळत नाही. ('नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ मात्र वेगळा. ते पिवळं खनिज, पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला फासत.)

संचारबंदी आणि टाळेबंदी एक नव्हेत, हेही सभासद बरोबर सांगतात. 'बंदी' शेवटी आलेल्या मराठी शब्दांची दोन कुळं आहेत. दारूबंदी, गावबंदी, जिल्हाबंदी, संचारबंदी, जमावबंदी : यांत पहिला शब्द ज्याला मनाई आहे तो. तटबंदी, नाकेबंदी, टाळेबंदी : यांत पहिला शब्द ज्याने बंदोबस्त केला तो. तटाने, नाक्याने, टाळ्याने. त्यामुळे संचारबंदी माणसाच्या पायांवर असते आणि टाळेबंदी दारांवर. लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार टाळेबंदीबद्दल बोलतो. रात्री अलका चौकात पोलिसांनी अडवलेला मुलगा संचारबंदीबद्दल बोलतो. ई-पाससाठी खेटे घालणारा जिल्हाबंदीबद्दल. भवानी पेठेत ज्याच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले, तो प्रतिबंधित क्षेत्राबद्दल, आणि त्याचा जाच या सगळ्यांत जास्त होता. चौघंही 'लॉकडाऊन' म्हणतात. 'लॉकडाऊनचा उपयोग झाला का?' या प्रश्नाला चौघांची उत्तरं वेगळी येणारच, कारण प्रश्नच चार आहेत.

कायद्याकडे पाहून हा गोंधळ सुटत नाही. जमावबंदी आणि संचारबंदी दोन्ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखालीच निघत, आणि त्या कलमात कर्फ्यू हा शब्दही नव्हता. फरक कलमात नसे, त्या त्या आदेशाच्या मजकुरात असे. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा किंवा १८९७चा साथरोग कायदा, यांतही लॉकडाऊनची व्याख्या नाही. तो दुसरा कायदा तर मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळेच झाला. मात्र तेव्हाचे उपाय उलट्या दिशेचे होते. रँडचे सोल्जर लोकांना घरांतून बाहेर काढून छावण्यांत नेत. २०२०मध्ये माणसांना घरातच थांबवलं. म्हणून प्लेगच्या दिवसांतला तयार शब्द आपल्याला मिळाला नाही.

एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने लॉकडाऊन हा शब्दच बाजूला ठेवला आणि 'कडक निर्बंध', 'ब्रेक द चेन' असे शब्द पुढे केले. दुकानदाराला फरक पडला नाही. शटर खालीच होतं. 'निर्बंध' हा शब्द खोटा नाही, पण तो सौम्य आहे, आणि किती बंद ठेवलं ते त्यातून कळत नाही. उन्हाळ्यानंतर दुकानं दुपारी चारपर्यंत उघडी ठेवायला परवानगी होती, तेव्हा मात्र निर्बंध हा अगदी नेमका शब्द होता. स्मरणिकेत पहिल्या काळाला टाळेबंदी आणि दुसऱ्याला निर्बंध म्हणा.

पुण्यात 'लॉकडाऊन' आता काळाचंही नाव झालं आहे, १९६१च्या धरणफुटीच्या पुराला 'पानशेतच्या वेळी' म्हणतात तसं. 'लॉकडाऊनमध्ये लग्न झालं', 'लॉकडाऊनमध्ये वडील गेले'. या अर्थाने तो शब्द राहू द्या, त्याला मराठी पर्याय शोधत बसू नका. फक्त निर्णयाबद्दल लिहिताना काळाचं नाव वापरू नका. खाट न मिळाल्याने माणूस गेला असेल तर तसं लिहा. त्यात दोष टाळेबंदीचा नसेल, आरोग्यव्यवस्थेचा असेल. सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या मैदानावर ऑगस्ट २०२०मध्ये जंबो रुग्णालय उभारावं लागलं, ती टाळेबंदीपेक्षा निराळी चर्चा आहे आणि तिला स्वतःचं पान हवं.

राहिला 'ट' की 'त'. टाळं लावून केलेला बंदोबस्त, म्हणून टाळेबंदी. 'ताळा' म्हणजे हिशेबाचा मेळ, शाळेत गुणाकाराचा पडताळा घ्यायचो तो; त्यावरून 'ताळेबंद', मालमत्ता आणि देणी यांचं पत्रक. तो पुल्लिंगी, आणि त्याच्यामागे 'ई' लावत नाहीत. स्मरणिकेत संस्थेचे हिशेबही छापणार असाल, तर त्या पानावर 'ताळेबंद' आणि तुमच्या लेखात 'टाळेबंदी' असंच ठेवायला मुद्रितशोधकांना सांगा.