पाच पुस्तकं सांगायची लाज कसली?

“जानेवारीत पन्नास ठरवली होती. एप्रिल अर्धा गेला अन् सहाच झाली. आता पुस्तक हातात घेतलं की एकच येते मनात, हे संपणार कधी? वाचून राहिली, पण डोक्यात काही जाऊन नाही राहिलं. माझं लक्ष गेलं का मॅडम?”

समुपदेशनाला आलेल्या या ताई ४४ वर्षांच्या, नागपूरच्या जयप्रकाश नगर भागात राहणाऱ्या, बँकेत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लहानपणापासून वाचणाऱ्या. कॉलेजात असताना बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फुटपाथवरून जुनी पुस्तकं उचलून आणणाऱ्या. आता अकरा जणींची एक वाचनभिशी आहे. महिन्याच्या एका रविवारी कोणाकडे तरी जमतात, चहा-पोहे होतात आणि प्रत्येकीने सांगायचं, ‘माझी इतकी झाली’. मार्चच्या बैठकीला ताई डोकं दुखतं म्हणून गेल्याच नाहीत.

वर्षाचा वाचनसंकल्प मोडल्याची तक्रार मार्च-एप्रिलमध्ये हमखास येते. येणारी व्यक्ती बहुतेक वेळा ‘एकाग्रता कशी वाढवू?’ असं विचारते. एकाग्रतेवर काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, डोळे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं हळूहळू कमी होतं, इतकं हळू की माणसाच्या ते लक्षातच येत नाही. बारीक टाइपाचं पुस्तक दहा मिनिटांत नकोसं होतं, डोकं जड होतं, आणि माणूस समजतो की मन लागत नाही. ताईंनी तीन वर्षांत डोळे तपासले नव्हते. तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांना जवळचा नंबर निघाला. एवढ्याने सगळं सुटलं नाही, पण रात्री दिव्याखाली शब्द पुसट व्हायचे, ते थांबलं.

दुसरी, मनाची एकूण अवस्था. फक्त वाचनच नकोसं झालंय, की स्वयंपाक, गाणी, मैत्रिणी, सगळ्यातलाच रस गेलाय? झोप, भूक बिघडलीय का? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वाचनाचं वेळापत्रक बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. ताईंच्या बाबतीत तसं नव्हतं. रविवारी गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्यांत त्या तास-दीड तास रमत होत्या.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशोब. पन्नास हा आकडा आला कुठून, हे कोणी विचारतच नाही. भिशीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची गेल्या वर्षी पन्नास झाली होती, म्हणून ताईंनीही पन्नास धरली.

वाचनाचा वेग मोजायला पंधरा मिनिटं पुरतात. गजर लावायचा, नेहमीसारखं वाचायचं, घाई करायची नाही, आणि पानं मोजायची. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करायचं. कादंबरीत ताईंची पानं आली ८, ६ आणि ७. म्हणजे सरासरी सात; एका पानाला दोन मिनिटांहून थोडं जास्त. (वैचारिक पुस्तकात हा वेग बराच उतरतो. ताईंच्या बाबतीत पंधरा मिनिटांत चार पानं. कवितेला तर हे माप लावूच नये.) आता पन्नास पुस्तकं, प्रत्येकी सरासरी २०० पानं, म्हणजे १०,००० पानं. ३६५ दिवसांनी भागलं तर रोज २७ पानं, म्हणजे रोज जवळजवळ एक तास, एकही दिवस न चुकता. त्यात ताई बँकेतल्या. ३१ मार्चच्या वर्षअखेरीचं काम फेब्रुवारीतच डोक्यावर बसतं. उरलेल्या ४४ पुस्तकांना १८ एप्रिलपासून वर्षाखेरपर्यंत रोज ३४ पानं लागणार होती, म्हणजे सव्वा तास.

आणि प्रत्यक्षात वेळ किती मिळत होता? त्याची सात दिवसांची नोंद करायला सांगितली. पहिल्या आठवड्याची वही आली ती रोज ‘१ तास’ अशी. खोदून विचारल्यावर कळलं की पुस्तक मांडीवर आणि मोबाइल हातात, तो वेळही त्यात धरला होता. ही चूक जवळपास सगळेच करतात. दुसऱ्या आठवड्यात नियम बदलला: सुरू केलं ती वेळ, थांबलो ती वेळ, आणि पान क्रमांक. पान खोटं बोलत नाही. बेरीज आली ९४ मिनिटं, आणि त्यातली ५० एकट्या रविवारची. रोज रात्री साडेदहाला अंथरुणावर उघडलेलं पुस्तक पाच-सहा मिनिटांत तोंडावर पडत होतं.

आता या प्रकरणातला खरा गाठीचा भाग. वाचून झालेल्या सहा पुस्तकांपैकी चार शंभर पानांच्या आतली होती. त्यातलं एक आवडलं का, तर “आठवत नाही”. आणि जानेवारीत फार हौसेने सुरू केलेली साडेसातशे पानांची कादंबरी पान २१२ वर खूण घालून कपाटात ठेवलेली होती. का थांबवली? “त्या एकात माझी चार गेली असती.”

हे वाक्य ताई बोलून गेल्या आणि गप्प झाल्या.

पुस्तकांची संख्या हेच लक्ष्य धरलं की जाड पुस्तक नुकसानीचं वाटू लागतं. संथ वाचणं, मागचं पान पुन्हा उघडणं, एका परिच्छेदाशी थांबणं, सगळं तोट्यात जातं. मग वाचणारा नकळत बारकी, सोपी, लवकर उरकणारी पुस्तकं निवडतो, आणि ज्या ओढीने वाचत होता तीच उपाशी राहते. लक्ष लागत नाही याचं कारण पुष्कळदा इतकं साधं असतं: जे वाचावंसं वाटतंय ते कपाटात आहे आणि हातात दुसरंच आहे. आकड्याची शिस्त ज्यांना मानवते त्यांनी आकडा जरूर ठेवावा, पण तो पानांचा किंवा मिनिटांचा ठेवावा. साडेसातशे पानं वाचली तर साडेसातशेच मोजली जातात, मग ती एका पुस्तकाची असोत की पाच.

ताईंचं नवं गणित असं बसवलं. सकाळी डबे भरून झाल्यावर सव्वाआठ ते साडेआठ, खिडकीजवळच्या खुर्चीत, आठवड्यातले पाच दिवस. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. रविवारी दुपारी पाऊण तास. एकूण आठवड्याला १२० मिनिटं, म्हणजे ५६ पानं. कस्तुरचंद पार्कपर्यंतच्या मेट्रोतला वेळ मुद्दाम हिशोबात घेतला नाही. सकाळी गर्दीत उभं राहावं लागतं. वाचलं तर वरकड. डिसेंबरअखेरपर्यंत ३६ आठवडे होते. त्यातून चार आठवडे मे महिन्याचे वजा केले. मुलं घरी, पाहुणे, पारा ४५ च्या आसपास आणि कूलरची घरघर. नागपूरच्या मे महिन्यात नेटाने वाचेन असं ठरवणं म्हणजे जूनमध्ये स्वतःला दोष द्यायची सोय करून ठेवणं. दिवाळीचे दोन वजा. उरले ३०. तीस गुणिले ५६, म्हणजे १,६८० पानं. त्यातूनही आजारपण, लग्नकार्य, ऑडिट यांच्यासाठी वीस टक्के सोडले. लक्ष्य ठरलं १,३५० पानांचं.

पहिला मान त्या कपाटातल्या कादंबरीला. उरलेली ५३८ पानं, म्हणजे दहा आठवडे. बाकीच्या आठशेमध्ये चार मध्यम पुस्तकं.

“म्हणजे पाच? मॅडम, भिशीत पाच सांगू?”

ही लाज हिशोबाने जात नाही, म्हणून इथे घाई करून चालत नाही. ताईंना विचारलं, भिशीत गेल्या वर्षभरात कोणी सांगितलेलं कोणतं पुस्तक अजून मनात आहे? त्यांना एकच आठवलं. एका मैत्रिणीने ‘स्मृतिचित्रे’मधला एक प्रसंग सांगितला होता, सांगता सांगता ती स्वतःच हसून लोटपोट झाली होती. त्या मैत्रिणीची वर्षात किती पुस्तकं झाली होती? ताईंना आठवेना. पन्नासवाल्या बाईंनी काय काय वाचलं? तेही आठवेना. या दोन ‘आठवत नाही’नंतर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पण त्या विचारतात न, किती झाली म्हणून.” मग विचारायचा प्रश्नच बदलून बघावा, असं ठरलं. बैठकीची सुरुवात ‘किती झाली’ऐवजी ‘सध्या कुठल्या पानावर आहेस आणि तिथे काय चाललंय’ अशी करायची. ताईंनी हे आधी दोघी जवळच्या मैत्रिणींना सांगून पाहिलं. त्यातली एक चटकन म्हणाली, “बरं झालं बाप्पा, माझी तर तीनच झाली.”

दुसरं ओझं शिफारशींचं होतं. ‘हे वाचच’ म्हणून सांगितलेली एकोणचाळीस पुस्तकं ताईंच्या यादीत होती, त्यातली सतरा विकत घेऊन झालेली आणि न उघडलेली. कोणी प्रेमाने सुचवलेलं पुस्तक न वाचणं म्हणजे त्या माणसाला नाही म्हणणं, असं त्यांना वाटे. म्हणून यादीला मर्यादा घातली: एका वेळी पाच. सहावं आत यायचं तर एक बाहेर. नवं नाव ऐकल्यावर सात दिवस थांबायचं. तोवर लक्षात राहिलं तरच विकत घ्यायचं. ग्रंथालयातून आणायचं असेल तर जाड पुस्तकाची मुदत वाढवून मिळेल का हे आधीच विचारायचं, कारण परतीची तारीख हेही आणखी एक देणं होऊन बसतं. सोडून द्यायचीही रीत ठरवली: कादंबरी ४० पानांनंतर, कथासंग्रह दोन कथांनंतर, ओढ वाटत नसेल तर मिटायचं आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकून ठेवायची. काही पुस्तकं चार वर्षांनी उघडली की वेगळी निघतात.

सुचवणाऱ्याच्या बाजूनेही चूक होते. ‘मला आवडलं’ आणि ‘तुला आवडेल’ यात मोठं अंतर आहे. समजा, एखादी म्हणाली की तिला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ फार आवडली. लगेच दुसरी ग्रामीण कादंबरी सुचवायचा मोह होतो. आधी विचारावं, त्यातलं काय आवडलं? परक्या गावात आलेला कोवळा मास्तर आवडला असेल तर तिला नोकरीनिमित्त अनोळखी जागी रुजणाऱ्या माणसांची पुस्तकं द्यावीत. माळरान, मेंढरं, दुष्काळ हे आवडलं असेल तर मारुती चितमपल्लींकडे न्यावं. वनखात्यात हयात घालवलेल्या माणसाने लिहिलेलं विदर्भातलं जंगल तिला आपलं वाटेल. आणि पुस्तक पातळ होतं, दोन बैठकांत संपलं म्हणून आवडलं असेल, तर तेही खरं उत्तर आहे. तिला पातळच द्यावं.

यासाठी भिशीत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा वापरायचं ठरलं. त्यावर पाच गोष्टी: कोणासाठी सुचवतेय (भिशीतल्या एकीचं नाव, ‘सगळ्यांसाठी’ चालणार नाही), पानं किती आणि टाइप केवढा, कितव्या पानापासून पकड घेतं, कोणत्या मनःस्थितीत वाचू नये, आणि आपल्याला त्यातलं काय आवडलं ते एका वाक्यात. गोष्ट सांगायची नाही. चौथी ओळ सगळ्यांत उपयोगी ठरते. घरात नुकतंच कोणी गेलं असेल त्या बाईच्या हाती मृत्यूवरचं उत्तम पुस्तक पडलं, की ती ते बाजूला ठेवते आणि स्वतःलाच कमकुवत ठरवते. पुस्तकाची वेळ चुकलेली असते एवढंच.

सगळं सुरळीत झालं नाही. जुलैमध्ये ऑडिटमुळे नऊ दिवस कोरे गेले आणि ताईंनी दहाव्या दिवशी ७२ पानं उरकायचा प्रयत्न केला. अकराव्या दिवशी पुस्तकाकडे बघवेना. चुकलेला दिवस पुढे ओढायचा नाही, हा नियम तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिला. वीस टक्के सोडले होते ते याचसाठी. कादंबरी ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा संपली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून आधीच्या वर्षी ताई पिशवी भरून आल्या होत्या. यंदा यादीतली दोन घेऊन आल्या आणि तिसऱ्याचं फक्त नाव लिहून आणलं. सात दिवसांनी ते नाव खोडलं.

डिसेंबरअखेर वहीतली बेरीज १,२१० पानांची झाली. लक्ष्याला १४० कमी. शेवटच्या भेटीत त्यांनी हा आकडा सांगितला तो पर्समध्ये काहीतरी शोधता शोधता. शोधत होत्या तो जानेवारीच्या बैठकीसाठी लिहिलेला पुठ्ठा. नाव त्याच निवृत्त शिक्षिकेचं होतं, जिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं:

“काकू, तुमच्यासाठी. साडेसातशे पानं, टाइप बारीक आहे, म्हणून डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. पहिली साठ पानं जड जातील, तिथे सोडू नका. झोपायच्या आधी वाचू नका, झोप येणार नाही. मला यातली म्हातारी आवडली. २१२ नंतर येते. घाई नाही, पुस्तक वर्षभर ठेवा.”