चरणजित सिंगांचे दहा राग आणि ‘अ‍ॅसिड हाऊस मुंबईचं’ हा दावा

‘अ‍ॅसिड हाऊस शिकागोत नाही, मुंबईत जन्मलं असं वाचलं. खरं का? आणि चरणजित सिंगांची ती रेकॉर्ड ऐकण्यासारखी आहे का?’ या तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: जरूर ऐका. पहिल्याला जरा वेळ लागेल. अ‍ॅसिड हाऊस म्हणजे यंत्राच्या चिरकत्या बासवर (खालच्या सुरांवर) चालणारं क्लबमधलं नृत्यसंगीत.

चरणजित सिंग हिंदी सिनेमातले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन अशांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवायचे. पडद्यावर नाव न झळकणाऱ्या त्या मोठ्या फौजेतला हा माणूस, पण नव्या वाद्यांचं त्यांना विलक्षण वेड. १९८० च्या आसपास रोलँड कंपनीची तीन यंत्रं बाजारात आली: टीआर-८०८ तालयंत्र, टीबी-३०३ बासयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. ३०३ त्यांनी सिंगापूरहून आणलं. तेव्हा सिनेमात डिस्कोची लाट होती. त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की डिस्कोचा ठेका ठेवावा, तबला बंद करावा आणि वर राग वाजवावेत, असं त्यांच्या मनात आलं. घरी वाजवून पाहिलं, बरं वाटलं, म्हणून रेकॉर्ड केलं. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ १९८२ ची. कल्पना आणि वादन एकट्याचं, रेकॉर्ड मात्र एचएमव्हीची. त्यामुळे आजच्या अर्थाने ती ‘इंडी’, म्हणजे बड्या कंपनीविना स्वतंत्रपणे काढलेली, म्हणता येणार नाही.

आता यंत्राचं बोलू, कारण खरी गंमत तिथे आहे. ३०३ एका वेळी एकच सूर वाजवतं. सोळा घरांचा नमुना भरायचा; प्रत्येक घरात सूर, हवा तर आघात, हवी तर पुढच्या सुरावर घसरण. ही घसरण मींडेची (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याची) लांबची बहीण, पण तिची गती ठरलेली, कलाकाराच्या हातात नाही. भैरवातला कोमल रिषभ जसा आंदोलित व्हायला, म्हणजे संथ झुलायला हवा, तसा तो या यंत्रात होणं शक्यच नाही. चरणजितनी तो हट्ट धरला नाही. खाली ३०३ ला रागाचे सूर घेऊन फिरत ठेवलं आणि गायकी अंगाचं काम ज्युपिटरवर, स्वतःच्या हाताने केलं. ऐकताना मला खालचा तो न थांबणारा बास तानपुऱ्याच्या जागी आल्यासारखा वाटतो. सतत फिरता, सूर धरून ठेवणारा. हे सुचायला रागही अंगात मुरलेला हवा आणि यंत्रही. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे, ‘पहिले’ असण्यात नाही.

शिकागोचं म्हणाल तर फ्यूचर या त्रिकुटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये निघालं. तिथे ३०३ ची बटणं वाजतानाच पिळून आवाज चिरकवणं हाच संगीताचा गाभा होता. त्या पोरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असं मानायला काही आधार नाही. ती आपल्याकडेच फारशी कुणी ऐकली नव्हती! खप झाला नाही, चर्चा झाली नाही, विषय मिटला. दोन ठिकाणच्या माणसांना एकाच यंत्रात वेगवेगळं काही दिसलं. आपण ‘आधी आम्हीच’ म्हणत शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांचं श्रेय ओढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं थोडक्यात. एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ही तबकडी मिळाली. २०१० मध्ये त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा ती इतकी नवी वाटली की हा कुणा युरोपीय संगीतकाराचा बनाव असावा, असंही काही जण म्हणाले. सत्तरीत चरणजित युरोपात मंचावर उभे राहून हेच राग वाजवत होते. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास हरवतो. हेडफोन लावा आणि भैरवाऐवजी मालकंसापासून सुरुवात करा. त्यात रिषभ-पंचम वर्ज्य (वगळलेले), त्यामुळे पाचच सूर. बास आणि वरची सुरावट एकमेकांत कशी गुंततात ते तिथे सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतं. मग भूपाळी आणि कलावती ऐका. ललित शेवटी ठेवा. शुद्ध आणि तीव्र अशा दोन्ही मध्यमांचा तो राग या ठेक्यावर कानाला सवय झाल्यावरच उलगडतो.