एक केबल, दहा प्रोग्रॅम

प्रश्न : माझ्या संगणकाला इंटरनेटची एकच केबल आहे. तरी ब्राउझर, मेल आणि गाणी एकदमच चालतात. एकाचा माल दुसऱ्याकडे कसा जात नाही? आणि मोठी फाइल अपलोडला लावली की व्हिडिओ कॉल का अडखळतो?

उत्तर : डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) काळात मी मोडेमवर, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्रावर, काम करायचो, तेव्हा हा प्रश्नच पडत नसे. टर्मिनलचा प्रोग्रॅम मोडेम धरून बसला की दुसऱ्याने हात चोळत बसायचं. पुढे विंडोजवर नेटवर्कची सॉफ्टवेअरं आली, पण प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. एकीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालेलच असं नाही. 1993 साली विनसॉक 1.1 (विंडोजच्या प्रोग्रॅमांनी नेटवर्कशी कसं बोलायचं याचा ठरलेला नियम) आलं आणि सगळ्यांना मागणी करायची एकच रीत मिळाली.

आज कुठलाही प्रोग्रॅम केबलला हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सॉकेट, म्हणजे नेटवर्कशी बोलायचं दार, मागतो, आणि सिस्टिम त्या दाराला एक क्रमांक, म्हणजे पोर्ट नंबर, देते. हे नंबर 65535 पर्यंत असतात, म्हणजे टंचाई नाही. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (माहितीच्या छोट्या तुकड्यावर) दोन्हीकडचे आयपी पत्ते (संगणकांचे नेटवर्कवरचे पत्ते) आणि दोन्हीकडचे पोर्ट लिहिलेले असतात. ही चौकडी आपल्या तक्त्याशी ताडून सिस्टिम पॅकेट ज्याचं त्याला देते.

हे डोळ्यांनी बघता येतं. आत्ताच मी दोन वेगळ्या ब्राउझरांत एकच साइट उघडली आणि कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट (चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं. दोन ओळी आल्या. माझा पत्ता तोच, समोरचा पत्ता तोच, समोरचा पोर्टही तोच, 443. फरक फक्त माझ्या बाजूला : एकीत 52114, दुसरीत 52131. तेवढ्यावर दोघांची पानं वेगळी राहतात. (खरं सांगायचं तर ती यादी बघितल्यावर, आपण न उघडलेले किती प्रोग्रॅम बाहेर बोलत असतात, याचंच जास्त नवल वाटतं.)

आता कॉल. सॉकेट वेगळे असले तरी बाहेरची वाट एकच, आणि साध्या राउटरमध्ये आधी आला तो आधी गेला असाच कारभार असतो. अपलोड त्या रांगेत पॅकेटं भरभरून ओततं. तुमच्या आवाजाचं पॅकेट अगदी लहान असतं, पण त्यालाही त्या सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागतं, आणि उशिरा पोचलेला आवाज कॉलच्या काही कामाचा नसतो. अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये वेगमर्यादा असेल, तर ती तुमच्या अपलोड वेगाच्या थोडी खाली ठेवून बघा.