आरसा-ऑर्किड नराला फसवतं कसं?

तुम्ही मार्चअखेर पोर्तुगालच्या आल्गार्व्हला जाताय, आणि फोटोतलं ते निळं चकचकीत, माशीसारखं ऑर्किड पाहून दोन गोष्टी विचारल्यात: नर कीटक खरंच एवढे फसतात का, आणि कंद आणून घरी लावता येईल का. फसतात. लावता येणार नाही.

फोटोतलं फूल ऑफ्रिस स्पेक्युलम, म्हणजे आरसा-ऑर्किड. खालच्या पाकळीवर निळी झळाळी, तिला बारीक पिवळी कड आणि भोवती तांबूस केसांची दाट झालर. डॅसिस्कोलिया सिलिआटा या गांधीलमाशीची मादी साधारण अशीच दिसते. निळाई म्हणजे तिच्या मिटलेल्या पंखांवरची चमक. फुलात मध नाही. नर मादीच्या काही आठवडे आधी बाहेर पडतात आणि त्याच सुमारास हे फुलतं, म्हणजे खरी मादी स्पर्धेला नसतेच!

फोटो पाहून सगळे रूपावर भाळतात, पण लांबून बोलावण्याचं काम वासाचं. अल्जीरियातले न्यायाधीश पुयान (त्यांचं लेखन १९१६ चं) यांनी फुलं वर्तमानपत्राखाली झाकून पाहिली, तरी नर हुडकत आलेच. ऑफ्रिस स्फेगोडेस या भाईबंदाची तर कमालच: परागण झालं की फूल मीलन झालेल्या मादीसारखा वास सोडतं. नर त्याला टाळून त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाकडे वळतो.

आरसा-ऑर्किडवर नर डोकं आत करून बसतो, त्यामुळे दोन पिवळे परागपुंज कपाळाला चिकटतात. ऑफ्रिस फुस्का या दुसऱ्या भाईबंदावर त्याला फसणारा नर उलटा बसतो आणि पुंज पोटाच्या टोकाला लागतात. पाकळीवरच्या केसांची दिशा वेगळी, हे त्याचं मोठं कारण.

कंदाचं म्हणाल तर, हे झाड मातीतल्या ठरावीक बुरशीच्या जोरावर जगतं. उपटून नेलेलं सहसा टिकत नाही. शिवाय सगळी ऑर्किडं साइट्स करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या) येतात, परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा. जमिनीतली आमरीच हवी असेल तर पावसाळ्यात आपल्या सड्यांवर हबेनारिया बघा (तीही उपटू नका).

तिथे चुनखडीच्या उघड्या, उन्हाच्या उतारांवर शोधा, झुडपांच्या दाट सावलीत नाही. झाड बहुधा वीतभरसुद्धा नसतं, पाय जपून टाका. भिंग न्या आणि फुलाच्या वरच्या टोकाला पिवळे पुंज आहेत का बघा. नसले, तर बहुधा कुणीतरी फसून गेलाय.