किंमत सांगितली होती का?

दिवाळी आटोपली आणि लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे येणारी पत्रं पार्सलांकडे वळतात. कुणाचा दागिना, कुणाची गुणपत्रिका, कुणाचा ट्रॅव्हल्सच्या डिकीत गेलेला लॅपटॉप. यावेळी सहा पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

माह्या पोरीची पोत अन् दोन अंगठ्या पुण्याले पाठवाच्या आहेत. पोरगी-जावई दोघंही नोकरीवर, त्यायले सवड नाही. गावचे पोस्टमास्तर म्हणतात स्पीड पोस्टानं टाकून द्या, काही होत नाही. टाकू काय, की कुरिअरनं पाठवू?
(गृहिणी, दारव्हा तालुका)

ताई, साध्या स्पीड पोस्टानं टाकू नका. पोस्टमास्तरांचा हेतू चांगलाच आहे, पण वस्तू हरवली तर त्यांच्या शब्दावर भरपाई मिळत नाही, नियमावर मिळते. देशांतर्गत स्पीड पोस्ट हरवलं तर नियमाप्रमाणे मिळतं ते असं: भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे ऐंशी रुपये शुल्क लागलं असेल तर हातात येणार एकशे साठ. आत पोत होती की जुनी वर्तमानपत्रं, याच्याशी त्या हिशेबाचा संबंध नाही. शिवाय सोनं, जडजवाहीर, नाणी, नोटा यांना टपालात विमा सक्तीचा, हा फार जुना नियम आहे. विम्याशिवाय पाठवलेल्या सोन्याची तक्रार करायला गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

पाठवायचंच असेल तर दारव्ह्याच्या पोस्टात जा. गावच्या शाखा डाकघराची विम्याची मर्यादा अगदीच तोकडी असते. खिडकीवर स्पष्ट सांगा, ‘विमा करून पाठवायचं आहे.’ सोनाराकडून वजन आणि आजची किंमत लिहिलेलं बिल घ्या आणि विमा तेवढ्याच किमतीचा करा. शुल्क वाचवायला किंमत कमी लिहिली तर हरवल्यावर तेवढीच मिळेल. जास्त लिहिली तर खऱ्या किमतीपेक्षा एक रुपयाही वर मिळणार नाही, उलट संशय तुमच्यावर येईल.

अडचण पुढे आहे. टपालाचा विमा एक लाख रुपयांपर्यंतच होतो, आणि सोनं तोळ्याला लाखाच्या वर केव्हाच गेलं. तुमच्या पोतीत नुसते दोन मणी आणि वाट्या असतील तर भागेल. अंगठ्या धरून मर्यादा ओलांडत असाल तर दोन वेगळी पार्सलं करा, तीही दोन वेगळ्या दिवशी.

बांधणी अशी करा: कापसात गुंडाळून घट्ट बंद होणारी टणक डबी, ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यावर शिवलेलं कापड आणि प्रत्येक जोडावर लाखेचं सील. सगळ्या सीलांवर ठसा एकच हवा आणि तो तुमचा स्वतःचा हवा. नाण्याचा किंवा गुंडीचा ठसा चालत नाही. बाहेर ‘दागिने’ हा शब्द नको. पोस्टात वजन करून पावतीवर लिहितात, ते वजन मुलीला फोनवर सांगून ठेवा. तिकडे सही करण्याआधी तिनं सील पाहावं आणि पार्सल पुन्हा तोलायला लावावं. वजन कमी भरलं किंवा सील फुटलेलं दिसलं तर तिथेच पोस्टमास्तरांसमोर उघडून पंचनामा मागावा. एकदा मुकाट्यानं सही झाली की दावा जवळपास संपतो.

कुरिअरचा पर्यायही विचारलात. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत दागिने आणि रोख घेत नाही असं छापलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा ‘कपडे लिहून टाकतो’ म्हणाला, तर तो तुमची सोय करतोय असं समजू नका. कागदावर कपडे गेले म्हणजे हरवलेही कपडेच. माझं मत विचाराल तर संक्रांतीला पोरगी येईल तेव्हा पोत तिच्या हातात द्या.

एका खासगी संस्थेनं मूळ गुणपत्रिका मागवल्या. मी दहावी, बारावी आणि पदवीच्या तिन्ही स्पीड पोस्टानं पाठवल्या. ट्रॅकिंग बारा दिवसांपासून ‘बॅग डिस्पॅच’वर अडकलं आहे. नुकसानभरपाई किती मिळेल?
(विद्यार्थी, मोर्शी तालुका)

भाऊ, भरपाईचं वर सांगितलंच आहे, तिच्यात तुझा चहा-नाश्ता होईल. तू आता कागद कसे मिळतील याच्या मागे लाग.

बारा दिवस म्हणजे कागद हरवलेच असं नाही. ‘बॅग डिस्पॅच’ याचा अर्थ एका छाटणी केंद्रातून पिशवी निघाली, पुढच्या केंद्रात ती उघडून तुझ्या पाकिटाचा बारकोड वाचला गेलेला नाही. पिशवी चुकीच्या गावी गेली असेल, बारकोड भिजला असेल, किंवा पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटाला चिकटून गेलं असेल. अशी पाकिटं तीन आठवड्यांनीही उगवतात. पण वाट बघत बसू नकोस, तक्रार आजच नोंदव. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर. पावतीवरचा क्रमांक लागेल: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी ‘आयएन’. तक्रारीत ‘पाकीट मिळालं नाही’ एवढंच लिहू नकोस. शेवटची नोंद कोणत्या केंद्राची, कोणत्या तारखेची, पिशवी कुठे जायची होती, हे लिही आणि त्या दोन केंद्रांमध्ये शोध घ्यावा अशी मागणी कर. तक्रार नेमकी असली की ती हाताळणाऱ्याला टोलवाटोलवी करायला जागा उरत नाही.

आठ-दहा दिवसांत ठोस उत्तर आलं नाही तर अमरावतीच्या डाक अधीक्षकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जा. तिथल्या तक्रारी साधारण २१ दिवसांत निकाली काढायच्या, असे २०२४ चे निर्देश आहेत. टपाल खातं डाक अदालतही भरवतं. विदर्भाचा कारभार नागपूरच्या पोस्टमास्टर जनरलकडे चालतो, तिथल्या अदालतीची जाहिरात निघाली की अर्ज टाक. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. पण आधीच सांगतो, २०२४ च्या जूनपासून लागू झालेल्या डाकघर अधिनियम, २०२३ नं खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली तेवढ्यापुरतीच ठेवली आहे, आणि कर्मचाऱ्यानं लबाडीनं किंवा जाणूनबुजून केलं असेल तरच तो वैयक्तिक जबाबदार धरला जातो. १८९८ चा जुना कायदाही याच वळणाचा होता. तेव्हा लाख-दोन लाखांच्या आशेवर तारखा करू नकोस.

टपालाकडे तक्रार नोंदवशील त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कागदपत्रं गहाळ झाल्याची नोंद कर, तिची प्रत घे. दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकेसाठी शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे अर्ज जातो, पदवीसाठी विद्यापीठाकडे. तोवर डिजिलॉकरमध्ये बघ, अलीकडच्या वर्षांच्या गुणपत्रिका तिथे सापडतात आणि त्या कायद्यानं मूळ प्रतीइतक्याच ग्राह्य आहेत.

आणि ज्या संस्थेनं टपालानं मूळ कागद मागवले, तिला लेखी विचार की कोणत्या नियमाखाली मागवले. मूळ कागद समक्ष तपासून लगेच परत करायचे असतात. टपालानं मागवणं हा त्यांचा आळस आहे, आणि त्याची किंमत खेड्यातल्या पोरांनी मोजायची हे मला पटत नाही.

मुलाचा लॅपटॉप अन् फराळ रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवला. ड्रायव्हरला दोनशे रुपये दिले. मुलगा पहाटे थांब्यावर गेला तर फराळ मिळाला, लॅपटॉप नाही. ड्रायव्हर म्हणतो एकच पिशवी होती.
(शेतकरी, पुसद तालुका)

काकाजी, आपल्याकडे निम्मी दिवाळी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला जाते, त्यामुळे तुम्हाला बोल लावत नाही. फराळ पाठवायला ही सोय उत्तमच आहे, स्वस्त आणि रातोरात. लॅपटॉपचं गणित वेगळं. दोनशे रुपये ड्रायव्हरच्या खिशात गेले, ट्रॅव्हल्सच्या कार्यालयाच्या वहीत तुमच्या पिशवीची ओळसुद्धा नाही. मालक म्हणेल, आम्ही पार्सल घेतच नाही.

तरी आहे तेवढा पुरावा गोळा करा. पैसे फोन-पेनं दिले असतील तर ती नोंद, ड्रायव्हरशी झालेल्या बोलण्याची कॉल-नोंद, गाडीचा क्रमांक, पिशवी ठेवताना सोबत कोण होतं. लॅपटॉपच्या बिलावर किंवा खोक्यावर त्याचा अनुक्रमांक असतो, तो घेऊन पुसदच्या ठाण्यात तक्रार द्या. मालकाला लेखी नोटीस पाठवा. बऱ्याचदा नोटीस पोचल्यावर ‘दुसऱ्या गाडीत राहिली होती’ असं सांगत पिशवी सापडते. मुलाला त्या लॅपटॉपवर वापरलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड आजच बदलायला सांगा.

यापुढे ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातून छापील बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घ्या आणि तिच्यावर वस्तूचं नाव आणि किंमत लिहायला लावा. एसटीच्या पार्सलला आणि कुरिअरलाही हेच लागू. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत ‘आमची जबाबदारी इतक्याच रुपयांची’ असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका कुरिअर प्रकरणात म्हटलं होतं की अशा अटींखाली सही केली असेल तर ती मर्यादा पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हा सही करण्याआधी पावती उलटी करा, आणि किंमत जाहीर करून विमा मिळतो का ते विचारा.

राखीच्या उत्तराला बहिणीला पाकिटात पाचशेची नोट घालून पाठवतो. दरवर्षी पोचते. यंदा पाकीट पोचलं, नोट नाही. तक्रार कुठे करू?
(वाचक, चिखली)

दादा, कुठेच करू नका. नोट विमा न करता पाकिटात घालणंच नियमाबाहेर आहे, तक्रारीत तेच आधी लिहावं लागेल. मनीऑर्डर करा, पाच टक्क्यांच्या आसपास कमिशन जाईल, पण डाकसेवक दारात जाऊन पैसे मोजून देतो. बहिणीचं खातं आधारशी जोडलेलं असेल तर खात्यात टाका. डाकसेवकाच्या यंत्रावर अंगठा लावून ती घरबसल्या काढू शकेल.

आमच्या गावाच्या नावाची आसपास चार गावं. पत्रं भटकून येतात. त्यात आता रजिस्टर बंद झालं म्हणतात. कोर्टाची कागदं पाठवायची कशी?
(निवृत्त शिक्षक, बुलडाणा जिल्हा)

गुरुजी, तुमच्या जिल्ह्यात पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे दोन्ही आहेत, आणि लोक दोन्हीकडे नुसतं ‘पिंपळगाव’ लिहितात. खुर्द-बुद्रुकचीही तीच गत. पत्त्यात गावाचं पूर्ण नाव, मग पोस्ट, मग तालुका, जिल्हा आणि पिनकोड. गाव एक आणि पोस्ट दुसरं असेल तर पोस्टाचं नाव गाळू नका, पत्र आधी तिथेच जाणार आहे. पिनकोडचे पहिले तीन आकडे पत्र कोणत्या भागात जायचं ते ठरवतात: ४४३ मध्ये तुमचा बराचसा बुलडाणा, ४४५ यवतमाळ, ४४२ मध्ये वर्धा आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बराच भाग. शेवटच्या तीन आकड्यांतला एक चुकला की पत्र दुसऱ्याच तालुक्याची सहल करून येतं. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली ती नेमकी एकसारख्या गावनावांच्या घोळावर उपाय म्हणून, आणि ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच. शेतात घर बांधलेलं असेल तर २०२५ मध्ये आलेला डिजिपिनही पत्त्याखाली लिहा. दहा अक्षर-अंकांचा हा संकेत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा दाखवतो. पिनकोड मात्र तरीही लिहायचाच.

रजिस्टर बंद झालं हे अर्धं खरं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं. ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टावर ‘नोंदणी’ ही जादा सोय मिळते, पाच रुपये आणि जीएसटी. ती घेतली की पाकीट ज्याच्या नावचं त्याच्याच किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती पडतं, शेजारच्या पानठेल्यावर ठेवता येत नाही. कोर्टाच्या कागदांना ही नोंदणी आणि पोचपावती, दोन्ही घ्या. खिडकीवर कुणी आपणहून विचारत नाही, मागावं लागतं. ओटीपी दाखवल्यावरच पाकीट देण्याची सोयही तेवढ्याच पैशांत आहे, पण समोरच्याच्या मोबाइलला गावात रेंज नसेल तर तिच्या नादी लागू नका. आणि पाकिटाच्या आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते लिहून टाका. वरचा कागद फाटला तरी उघडून बघणाऱ्याला परत कुठे पाठवायचं ते कळेल.

ऑनलाइन मोबाइल मागवला, खोक्यात साबणाची वडी. शिवाय दुसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्यानं अडकलं, लिंकवर पंचवीस रुपये भरा.’ हे एकाच टोळीचं काम आहे काय?
(युवक, आर्णी)

दोन्हीचा संबंध असेलच असं नाही. तसा मेसेज कुणालाही येतो, पार्सल मागवलेलं असो की नसो. टपाल खातं पत्ता दुरुस्त करायला लिंक पाठवून पैसे मागत नाही. लिंक उघडून कार्डाचा क्रमांक टाकला असशील तर आधी बँकेला कार्ड बंद करायला सांग आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, पहिल्या काही तासांत पैसे थोपवता येतात.

साबणाच्या वडीचं म्हणशील तर माल बरोबर पोचवायची जबाबदारी विक्रेत्याची आहे, खोकं आणून देणाऱ्या पोराची नाही. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. खोकं, त्यावरचं लेबल आणि वडी तशीच ठेव, फोटो काढ, ॲपवर त्याच दिवशी तक्रार टाक. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही आधी समेट घडवून आणते आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. पुढच्या वेळी महागाची वस्तू मागवताना उघडून दाखवण्याची सोय असेल तर तीच निवड. नसेल तर खोकं फोडताना लेबलापासून व्हिडिओ सुरू कर आणि मधे बंद करू नकोस.